किरकोळ रजेचं कारण

माझा कप खिडकीत ठेवलेला होता.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात शिक्षकांच्या खोलीत सहा कप. सगळे सारखे, निळ्या काठाचे. कुणाचा कुठला, असं काही नव्हतं. त्या सोमवारी शिपायाने पाच कप ट्रेमधून आणले आणि माझा चहा खिडकीतल्या कपात ओतला. कानाला लाल दोरा बांधलेला. खाली मान घालून पुटपुटला, "मोठ्या सरांनी सांगितलंय."

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. पेपर वाचता वाचता म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. इथं सगळ्यांना लेकरंबाळं आहेत." मग बाकीच्यांकडे वळून, "डिग्रीनं रक्त बदलत नाही हो."

त्यांच्या घरात चार पिढ्या मास्तर. माझ्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. बाकीच्यांना ते सर म्हणत. मला आडनावाने.

मी तो चहा प्यालो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

चूक माझी, असं सगळ्यांचं मत. किरकोळ रजेच्या अर्जात कारणाची एक ओळ असते. अख्खी शाळा तिथे 'घरगुती कामासाठी' लिहिते. पोर आजारी असो, गावची जत्रा असो, घरगुती काम. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. कागदावर खरं लिहायचं, एवढंच मी शिकलो होतो. मी लिहिलं, 'रक्त तपासणीसाठी'. त्यांनी समासात लाल शाईने विचारलं, 'कसली?' मी खाली लिहिलं, 'एचआयव्हीची'. मी नगरला गेलो त्या दिवशी तो अर्ज खोलीत मोठ्याने वाचला गेला.

तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतींवर एड्सच्या पाट्या नुकत्याच रंगल्या होत्या. लोक त्या वाचून पलीकडे थुंकायचे.

शेजारच्या गावात एक अंगणवाडीताई होती. विधवा. नवरा ट्रकवर होता, वाळत वाळत गेला, एवढंच मला ठाऊक. वर्षभराची ओळख, मग एक दुपार. निरोधचं पाकीट तिनेच पुढे केलं. "ह्याच्याबिगर न्हाई, सर." एकदाच. फाटलं नाही, काही नाही. पण आठ दिवसांनी एसटीत दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. तिच्या नवऱ्याला तोच रोग होता म्हणे.

झोप गेली. रोज आरशात जीभ बघायचो. साधा खोकला आला तरी त्या दुपारपासूनचे दिवस मोजायचो. आणि तिच्या गावाचा रस्ता मी सोडला. सायकल लांबच्या वाटेने न्यायला लागलो.

नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, निरोध होता म्हणजे भीती फार कमी. आत्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तीन महिने भरले की परत या. एका ताटात जेवल्याने, एका कपात प्यायल्याने हा रोग होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पुढे हेच कामी येईल हे त्यांना काय माहीत.

म्हणजे त्या सोमवारी रिपोर्ट माझ्या खिशात होता. मुख्याध्यापक म्हणाले, "कागद दाखवा, दोरा सोडू." हात खिशाकडे गेलाही. तेवढ्यात घंटा झाली.

घरी बापाला सांगितलं. रोगाचं नाव नाही सांगितलं, कपाचं सांगितलं. बाप बिडी विझवून म्हणाला,

"कुठं ठिवलाय?"

"खिडकीत."

"आमचा बी हाटेलाच्या खिडकीतच हुता." विझलेली बिडी कानावर ठेवत म्हणाला, "आमच्याकडं दावाया कागुद न्हवता. तुझ्याकडं हाय. दाव की."

बाप बरोबरच बोलत होता. त्याला माझी नोकरी दिसत होती. पण माझं डोकं तिथेच अडकलं. मी कागद दाखवला की माझा कप आत जाणार. खिडकी तशीच राहणार, दोरा तसाच राहणार. ज्याचा कागद वेगळा निघेल त्याच्यासाठी. म्हणजे कप वेगळा ठेवायचा हा त्यांचा हक्क मीच सही करून देणार.

दुसऱ्या दिवशी जुन्या रस्त्याने सायकल घेतली. ती अंगणवाडीच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"सर, तुमी पन वाट बदलली."

मी सायकल ओट्याला टेकवली आणि तिच्याजवळ बसलो. मला वाचवायला पाकीट तिने पुढे केलं होतं, आणि वाट बदलून तिच्यासाठी दोरा मीच आणला होता. तिची तपासणी अजून झालेली नव्हती. एकटीने जायची हिंमत होत नव्हती, म्हणाली.

तीन महिने भरले तेव्हा मी पुन्हा रजेचा अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडे परत सरकवला. आवाज खाली आणून म्हणाले, "घरगुती कामासाठी लिहा. आणि मागचा रिपोर्ट जोडा. मिटवून टाकू."

"कारण तेच राहील," मी म्हणालो. "रिपोर्ट जोडणार नाही. नामंजूर करायचा तर लेखी करा."

त्यांनी लेखी काहीच केलं नाही. सकाळच्या गाडीने ती आणि मी नगरला गेलो. एका बाकावर बसून.

तिचा रिपोर्ट काय आला हे मी कुणाला सांगणार नाही. माझाही दाखवणार नाही. कप ज्यांनी खिडकीत ठेवला, त्यांनीच तो कागद न बघता आत आणावा. तोवर त्या खोलीतला चहा मला नको.