जयसिंग मेस्त्री यांचा डावा हात

पहिला घाव डाव्या हातावर बसला. हडपसरहून मांजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आपल्या गॅरेजात जयसिंग मेस्त्री गाडीच्या कडेला हात टेकून उभे असताना साईनाथने लोखंडी पहार उचलली आणि नेमकी त्या कडेवर हाणली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मोडले. मेस्त्रींनी हात छातीशी धरला आणि एक शिवी दिली. ती येथे उद्धृत करण्याचे प्रयोजन नाही.

ही हकीगत मी दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकली आहे. जेथे दोघांचे म्हणणे जुळले, तेवढेच लिहितो.

मेस्त्री गरीब स्वभावाचे गृहस्थ आहेत, असा कोणाचाही समज होऊ नये. आयटीआय झाल्यावर ते एका कारखान्यात लागले आणि फोरमनच्या दिशेने पाना भिरकावल्यामुळे बाहेर पडले. गॅरेज काढले तेव्हापासून ‘जरा लवकर करा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर चावी फेकण्याचा त्यांचा परिपाठ आहे. त्यांच्या पत्नी तनुजाबाई म्हणतात, “इंजिन तापलेलं ह्यांना लांबून कळतं. स्वतःचं डोकं तापलेलं तेवढं कळत नाही.” तरीही इंजिन पूर्ण उतरवून नव्याने बांधायचे असले की लोक थेट कोथरूडहून त्यांच्याकडे येतात. ‘जयसिंगने बांधले’ एवढे म्हटले की पुढे कोणी विचारीत नाही. त्यांची सारी मिळकत म्हणजे हे नाव आणि ते कमावणारे दोन हात.

साईनाथ मांजरीचा बागायतदार. त्याच्या गाडीचे इंजिन मेस्त्रींनीच नव्याने बांधून दिले होते. काही दिवस गाडी उत्तम चालली. मग स्वारगेटच्या चौकात, सिग्नलपाशी, ती धडधडून बंद पडली आणि मागून आलेली बस तिच्यावर आदळली. मागच्या आसनावर साईनाथच्या आई तुळजाबाई होत्या. त्यांचे मनगट मोडले. कोणा दुसऱ्या मेस्त्रीने इंजिन न उघडताच निदान केले, की टायमिंगची चेन एक दात चुकवून बसवली आहे. साईनाथने मांजरीच्या चौकात जाहीर केले, की जयसिंगने माझ्या आईचा जीवच घेतला असता. मग ती ठेचलेली गाडी ओढून त्याने गॅरेजात आणली, आणि सोबत पहार आणली.

“आता दुसरा हात ठेव,” साईनाथ म्हणाला. “माझ्या आईचा एक, तुझे दोन. म्हंजी पुन्हा कुणाचं इंजिन बांधायचा नाहीस.”

“तोड की. पण आधी बघू तर दे, तुझ्या गाडीला झालंय काय. चेन चुकली असंल तर मीच हात पुढं करतो.”

मेस्त्रींनी मला सांगितले, की हे बोलताना त्यांना स्वतःचीच खात्री नव्हती. चेन चुकू शकते. भल्याभल्यांची चुकते.

“पाना धर,” ते साईनाथला म्हणाले. “माझी बोटं तू मोडलीस, आता काम तूच कर.”

आधुनिक इंजिनात झडपांच्या उघडझापीची वेळ वेगानुसार पुढेमागे होते. हे काम तेलाच्या दाबाने होते, आणि ते तेल सोडणारा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती चोंदली की झडपांची वेळ चुकते आणि इंजिन धडधडून बंद पडते, चेन चुकल्यासारखेच. चेन पाहायची तर पुढचे झाकण उतरवावे लागते, आणि मेस्त्री कधीही थेट झाकणाला हात घालीत नाहीत. आधी वायर, मग तेल, मग व्हॉल्व्ह, शेवटी चेन. वायर ठीक होती. तेलाची पट्टी ओढली, तर तेल गढूळ पिवळे. व्हॉल्व्ह निघाला, तेव्हा त्याच्या जाळीत पिवळा लगदा ठासून भरला होता. फिल्टर तर पार चोंदला होता. त्यामुळे न गाळलेले तेल फिल्टर टाळून जाणाऱ्या बगलेच्या वाटेने जाळीपर्यंत पोहोचले होते.

साईनाथने लगदा बोटावर घेऊन हुंगला. हळद. त्याने खिशातून फोन काढला.

“आई, गाडी ताब्यात घेताना तू इंजिनात काय टाकलंस?”

“काय टाकनार रं? जयसिंग नारळ फोडाया चाकापुढं गेला, तवा तेलाचं झाकण उघडंच हुतं. जेजुरीचा भंडारा टाकला मूठभर. नव्या पोटाला पहिला घास देवाचा नको व्हय?”

साईनाथने फोन बंद केला. दोघांनी मिळून जाळी धुतली, तेल बदलले, नवा फिल्टर चढवला. गाडी सुरू झाली. धडधड थांबली.

“हे तात्पुरतं हाय,” मेस्त्री म्हणाले. “खालचा तेलाचा चेंबर उतरवून धुवावा लागंल.”

“जयसिंग, ह्यातलं काही बाहेर बोलायचं नाही. चूक तुझीच होती, एवढं म्हण. देवाच्या भंडाऱ्यानं हात मोडला म्हटल्यावर म्हातारी अन्न सोडंल.”

“चूक माझी होती, असं न्हाई म्हणणार.”

साईनाथने पुन्हा पहार उचलली. या वेळी मेस्त्री थांबले नाहीत. उजव्या हातातला जड पाना त्यांनी साईनाथच्या उजव्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर ऐकू आला. पहार खाली पडली. साईनाथ गुडघ्यांवर बसला आणि ओकला. मेस्त्रींनी पाना पुन्हा उचलला होता. डोके समोरच होते. तो खाली का ठेवला, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

“ऊठ. दवाखान्यात जाऊ.”

“रिक्षा बोलव.”

“रिक्षा कशाला? गाडी हाय की तुझी.”

मेस्त्री चालवायला बसले. त्यांचा डावा हात निकामी होता आणि गिअर डावीकडे. तेव्हा शेजारी बसलेल्या साईनाथने आपला शाबूत डावा हात पोटावरून आडवा आणून दांडा धरला. मेस्त्री क्लच दाबत आणि सांगत, साईनाथ कण्हत गिअर टाकी. हडपसरच्या सिग्नलपाशी गाडी थांबली. इंजिन बंद पडले नाही.

“आईला सांगू नकोस,” मेस्त्री म्हणाले. “भंडाऱ्याचं नावबी काढू नकोस. चौकात एवढंच बोल, चेन बरोबर होती.”

दिवा हिरवा झाला. पहिला गिअर, मग दुसरा.

“चेन बरोबर होती,” साईनाथ म्हणाला.

“मला कशाला सांगतोस, लेका? तिसरा टाक.”