गव्हाचा दोष नव्हता: जळगाव, पारोळा, धुळे

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी मी स्वतः गाडी चालवत जाणार, असं जाहीर केल्यावर आमच्या ह्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग किल्ली दिली. चार वर्षांपूर्वी संधिवाताने माझी बोटं सकाळी उघडायचीच नाहीत. आता औषधं नेमाने चालू आहेत आणि व्यायामही. जळगावहून पारोळ्याजवळचं आमचं गाव साठेक किलोमीटर. एवढं मला जमणारच होतं.

सहाला निघाले. वैशाखातल्या खानदेशात दहानंतर रस्त्यावर असणं शहाणपणाचं नाही. सांधे दुखणाऱ्यांसाठी माझा नियम असा: पाठीला उशी, दर अर्ध्या तासाला खाली उतरून दहा मिनिटं चालणं, आणि गोळ्या डिकीत नव्हे, पर्समध्ये, कारण डिकी तापते. एरंडोलला दहा रुपयांचा चहा घेतला. एक मालमोटारवाला मला मनगटं फिरवताना बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "ताई, मलाबी शिकवा ना, क्लच दाबून दाबून घोटा धरतो." मग आम्ही दोघांनी घोटे फिरवले.

गावात पोचले तर काकूच्या अंगणात चूल पेटलेली. ह्या काकूला अख्खी गल्ली अक्का म्हणते. आखाजीला आमच्याकडे मांडे हवेतच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पातळ करायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा. त्यात अक्काचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. यंदा मात्र ती लांब, खाटेवर बसून होती. मांडे सून करत होती.

"यंदा गहूमा दम नही शे," अक्का म्हणाली. "मांडा फाटस."

सून हळूच म्हणाली की दोन वर्षांत तीनदा गहू बदलला, दुसऱ्या गिरणीतून दळूनही आणला. तिच्या हातून त्याच गव्हाचा मांडा मात्र छान पसरत होता.

मला हसू आलं. मीसुद्धा सहा महिने कुकरच्या झाकणाला शिव्या दिल्या होत्या. नवा कुकर आणला, तोही लागेना, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले.

मी चुलीपाशी बसले. पहिला मांडा फाटला, दुसराही फाटला. तिसरा वाकडातिकडा का होईना, खापरावर पडला. मग मी अक्काजवळ गेले आणि माझी बोटं तिच्यापुढे धरली. एका बोटाला अजून बाक आहे. म्हटलं, "अक्का, माले संधिवात शे. चार साल व्हई ग्यात."

तिने पदराखालून हात काढले. दोन्हीकडचे तेच सांधे सुजलेले, लालसर. सकाळी म्हशीचं दूध काढायची वेळ टळली तरी बोटं सुटत नाहीत, म्हणाली. कोणाला सांगितलं नव्हतं.

"माले वाटनं, वय व्हई गयं. आते काय, असंच चालाव."

"मना हात बी असाच व्हतात," मी म्हटलं. "सकायले धुयाले चाल."

तिने हात परत पदराखाली घेतले. मग म्हणाली, "जनमभर गोया खावा लागतीन?"

"कदाचित," मी म्हटलं. खोटं बोलणं मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊण तासात धुळं गाठलं. संधिवात बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हातांचे फोटो काढायला लावले आणि दोन दिवसांनी औषध सुरू केलं. म्हणाल्या, "गुण यायला सहा-आठ आठवडे लागतील. मधेच बंद करायचं नाही, आणि रक्ततपासणी चुकवायची नाही." त्या दोन दिवसांत आम्ही धुळ्यात नातेवाइकांकडे राहिलो आणि एका खानावळीत शेवभाजी खाल्ली. रस्सा असा झणझणीत की अक्का पहिल्यांदाच मोकळी हसली. "हाऊ खरा इलाज," म्हणाली.

तिला गावी सोडून एकटी जळगावला परतले. हातांनी त्रास दिला नाही, कंबरेने थोडा दिला. पण त्या फेरीचं काय झालं ते कळायला आषाढ उजाडला. मधल्या आठवड्यांत अक्का दोनदा म्हणाली होती की काही फरक नाही, सोडून देते. दोन्ही वेळा मी चिडले, मग समजावलं, मग परत चिडले.

परवा सकाळी सातला तिचा फोन आला. इतक्या लवकर, म्हणून मी घाबरलेच.

"आज झंपरना हुक मना मी लावात," ती म्हणाली. "सूनले हाक मारी नही."

मी नुसती रडत होते आणि तिला ते ऐकू जात होतं.

"रडू नको व माय," अक्का म्हणाली. "पुढला येले मी एकलीच एस्टीवर जासू धुयाले. तू सुटी काढू नको."