शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा उजवा पाय त्यांचा स्वतःचा राहिला नव्हता. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. उमेदीची सगळी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर गेली, त्यामुळे कुठे जरा खुट्ट झालं की हा पाय आपोआप खाली दाबला जायचा. बसमध्ये दाबला जायचा, न्हाव्याच्या खुर्चीत दाबला जायचा, जेवताना बायकोचा आवाज चढला की टेबलाखाली दाबला जायचा. "अहो, मी बोलतेय. समोरून ट्रक नाही येत," ती म्हणायची. गल्लीत त्यांना ब्रेकमास्तर म्हणत आणि मास्तरांना त्याचा केवढा अभिमान! आता स्वतःच म्हणतात, "आमचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

हा सगळा किस्सा मास्तर आपणहून सांगतात, कुणी विचारायच्या आत. गल्लीतले लोक सांगतात त्यापेक्षा मी बरा सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे. लोक सांगताना मास्तरांना थोडं तरी सांभाळून घेतात, मास्तर अजिबात घेत नाहीत.

तर, नियमाच्या बाबतीत हा माणूस नाकाने कांदे सोलायचा. बेकरीवाल्याचा मुलगा शिकायला आला, अठरा पूर्ण व्हायला थोडेच दिवस बाकी होते. मास्तरांनी त्याला दारातून परत पाठवला. "स्टीअरिंगला वयाआधी हात नाही. नियम म्हणजे नियम." वर दारूवर एक भाषणही ऐकवलं, त्या बिचाऱ्याने दारूचं नावसुद्धा काढलं नव्हतं. "प्यायलेल्या माणसाला वाटतं, आपल्यासारखा ड्रायव्हर नाही. भिंतीला तसं वाटत नाही." हे वाक्य मास्तरांचं लाडकं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते ऐकावं लागे आणि हसावंही लागे.

आणि घरात काय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मास्तरांची एकुलती एक लेक पिटू. उंचीने एवढीशी, म्हणून पिटुकली, आणि पिटुकलीची पिटू. पंधरा वर्षांची होती तेव्हा मास्तरांनी तिला बंद कारखान्यामागच्या मैदानात नेलं, सीट पार पुढे ओढून दिली आणि हातात स्टीअरिंग दिलं. का? तर तिने हट्ट धरला. हट्टाला नाही म्हणायचा ब्रेक मास्तरांकडे नव्हताच. पोरगी हुशार निघाली. गिअर असे टाकायची की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकच खोट होती. समोर कुत्रं आलं, दगड आला, की ती पाय वर उचलायची आणि ओरडायची, "बाबा, ब्रेक!" मास्तर इकडून दाबायचे. "ब्रेकचं मी बघतो गं, तू आपली स्टीअरिंग सांभाळ," असं म्हणायचे आणि वर टाळ्या वाजवायचे.

मामा घरी आला की मैदानात प्रयोग व्हायचा. हा मामा म्हणजे मास्तरांचा मेहुणा, धंद्याने वकील. तोही टाळ्या वाजवायचा. टाळी वाजवली नाही ती एका माणसाने, बायकोने. "लोकांच्या पोरांना दारातून हाकलता आणि स्वतःच्या पोरीला मैदानात नेता," एवढंच म्हणाली. त्यावर मास्तरांचा पाय टेबलाखाली दाबला गेला. अंगावर आलेलं बोलणं त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं, असं त्यांना वाटलं.

पिटूला अठरा व्हायला थोडे महिने होते, तेव्हाची ही रविवारची दुपार. मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिच्या थोरल्या भावाने गच्चीवर बिअर आणून ठेवली होती. पिटू दोन मैत्रिणींना घेऊन घरी आली ती गालात हसत. आई माहेरी गेली होती. बाबा जेवून आडवे झाले होते आणि घोरत होते. खिळ्यावर किल्ली होती. खाली, डोक्यावर लाल अक्षरांची पाटी मिरवत, शिकवणीची गाडी उभी होती. मैत्रिणी म्हणाल्या, एक चक्कर. पिटू म्हणाली, त्यात काय!

चक्कर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत झाली. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याचं टेबल. वळण जरा मोठं घेतलं गेलं, टेबल समोर आलं, आणि पिटूने आयुष्यभर केलं तेच केलं. पाय वर उचलला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबा, ब्रेक!"

शेजारची सीट रिकामी होती.

टेबल मोडलं, कपड्यांचा ढीग चाकाखाली गेला, आणि इस्त्रीवाला भिंतीवर आदळून हाताचं मनगट मोडून बसला. उजव्या हाताचं. ज्या हाताने इस्त्री धरायची, त्याच हाताचं. आवाज ऐकून मास्तर उठले आणि बनियनवरच धावले. लोक जमले होते. पिटू रस्त्याच्या कडेला बसून रडत होती. तिच्या तोंडाला वास येत होता, आणि हा वास कसला, हे न कळायला मास्तर काही काल जन्मले नव्हते.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. साहेबांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

मास्तर म्हणाले, "मी."

किती पटकन म्हणाले! लेकीवर आलेलं संकट, बाप मध्ये उभा राहिला, यापेक्षा मोठं काय असतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. छाती फुगली. बनियनमधली छाती, पण फुगली. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ठीक. आधी गाडी बाजूला घ्या, रस्ता अडलाय."

मास्तर गाडीपाशी गेले. दार उघडलं, आत बसले, पाय ब्रेकवर ठेवला आणि सवयीने म्हणाले, "हं, आरसे बघ. क्लच दाब."

मास्तर डाव्या सीटवर बसले होते, स्टीअरिंग उजवीकडे, आणि तिकडे कुणीच नव्हतं. साहेब खिडकीत वाकले. "कुणाला शिकवताय, मास्तर?"

चूक लक्षात आली तसे मास्तर घाईघाईने उतरले, वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि आत घुसले. घुसले कसले, अडकले! सीट पिटूच्या उंचीची, पार पुढे ओढलेली. गुडघे वर, पोट स्टीअरिंगवर, आणि पोटाने हॉर्न दाबला गेला. तो काही केल्या सुटेना. सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मास्तरांनी पोट दाखवून केलं.

तोवर पिटू उठून उभी राहिली होती. "मी चालवत होते," ती म्हणाली. "बाबा झोपले होते." इस्त्रीवाला हात धरून बसला होता, तो म्हणाला, "पोरगी 'बाबा, ब्रेक' ओरडली म्हणून मी मागे सरलो साहेब. नाहीतर पायच गेले असते." साहेबांनी पिटूला नळीत फुंकायला लावलं. मशीनने आपलं काम केलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. गाडी जप्त. इस्त्रीवाल्याचा हात प्लॅस्टरमध्ये. बिअर आणणाऱ्या भावावर वेगळी केस. पिटूची सुनावणी मुलांच्या कोर्टात, आणि तिथेच पालक म्हणून, गाडीचा मालक म्हणून मास्तरांचीही. बायको माहेरून परत आली, पण तिने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेहुणा वकीलपत्र घेऊन बसला. "दाजी, सोपं आहे," तो म्हणाला. "अल्पवयीन मुलाने गाडी चालवली की पालकाला ठाऊक होतं असंच धरतात. मग दंड, शिक्षा, गाडीची नोंदणी रद्द, आणि तुमच्या स्कूलला कुलूप. पण तुम्ही सांगायचं, मला काही माहीत नव्हतं. पोरीला गाडी येते हेच मला ठाऊक नव्हतं, तिने किल्ली चोरून नेली. तुम्ही सुटलात."

"आणि पिटू?"

"तिला तसंही वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स नाही. तिचं जे व्हायचं ते होणारच. एकाच खड्ड्यात दोघांनी कशाला पडायचं?"

आणि मास्तरांना ते पटलं. त्यांची मान हलली. तोंडाला पाणी सुटावं तसं पटलं. स्कूल गेलं तर या वयात काय करायचं? दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं? आतल्या खोलीत पिटू हे सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

सुनावणीच्या दिवशी सकाळी तिने मास्तरांचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. कॉलरवर एक सुरकुती राहिली होती. "बाबा," ती म्हणाली, "मामा म्हणतो तसंच सांगा. मी चोरली म्हणून सांगा. मला चालेल." मास्तरांनी शर्ट घातला. कॉलरवरची सुरकुती बोटाने दाबून पाहिली.

कोर्टातल्या मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी मास्तरांना पुढे बोलावलं. "तुमची मुलगी गाडी चालवते हे तुम्हाला माहीत होतं का?"

मेहुण्याने मागून हळूच खाकरून दाखवलं. मास्तरांनी पिटूकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मैदानात कुत्रं समोर आल्यावर व्हायचा तसा झाला होता. फक्त या वेळी ती ओरडली नाही. ही आपली पोर चोर, आणि आपण साव? बंद कारखान्यामागे कुणी नेलं होतं हिला?

"माहीत होतं," मास्तर म्हणाले.

मेहुण्याचं खाकरणं घशात अडकलं.

"तिला कुणी शिकवलं?"

"मी. पंधरा वर्षांची होती."

"ती पहिल्यांदा गाडी चालवत होती, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"टाळ्या वाजवत होतो, मॅडम," मास्तर म्हणाले. "आणि ब्रेकही मीच दाबत होतो. तिला तो दाबायला शिकवलंच नाही. त्या दिवशी ती मलाच हाक मारत होती. मी घोरत होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मेहुण्याने कपाळाला हात लावला, आणि मागच्या बाकावर बायकोने घटनेनंतर पहिल्यांदा मास्तरांकडे सरळ पाहिलं.

निकाल लागला तो असा. पिटूला पंचवीस पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही, आणि वर्षभर दर रविवारी सरकारी हॉस्पिटलच्या अपघात विभागात काम. गाडीची नोंदणी रद्द, स्कूलची परवानगी रद्द. मास्तरांना दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा. "आयुष्यभर बसूनच खाल्लं," मास्तर सांगतात, "शिक्षाही बसायचीच मिळाली, आणि तीही बाकाच्या डाव्या टोकाला." दिवसभर पुढच्या केसेस चालल्या. मॅडम निकाल सांगायला तोंड उघडायच्या आणि मास्तरांचा पाय फरशीवर दाबला जायचा. शेजारचा हवालदार वैतागून सरकून बसला.

आता मास्तर दुसऱ्याच्या स्कूलमध्ये ऑफिस सांभाळतात. गाडीत बसत नाहीत, कुणी बसू देतही नाही. इस्त्रीवाल्याचा हात बरा होईपर्यंत पिटूने त्याच्या टेबलावर इस्त्री केली. पहिल्या दिवशी दोन शर्ट जाळले, इस्त्रीवाल्याने प्लॅस्टरमधला हात उगारून तिला झापलं, आणि मग शिकवलं. मास्तर लांबून बघत होते. शिकवणं कसं असतं ते त्यांना तिथे दिसलं. हा माणूस इस्त्री तिच्या हातातून काढून घेत नव्हता.

रविवारी ती दोघं बसने हॉस्पिटलला जातात. पिटू आत काम करते, मास्तर बाहेर बाकावर थांबतात. पहिल्या काही रविवारी ती बाहेर आली की थेट बसस्टॉपकडे चालू लागायची. एकदा येताना एवढंच म्हणाली, "आज माझ्याएवढाच एक मुलगा आणला होता. तोही पिऊन."

परवा जाताना बससमोर एकदम सायकलवाला आला. मास्तरांचा पाय सवयीने खाली दाबायला निघाला. पण शेजारी, खिडकीच्या बाजूला, आधीच धप्पकन आवाज झाला. मास्तरांनी खाली पाहिलं. पिटूचा पाय फरशीवर घट्ट रोवलेला होता. ती ओरडली नव्हती. बस थांबली, सायकलवाला निघून गेला, तरी तिने पाय उचलला नव्हता.

"आधी मी दाबला, बाबा," ती हळूच म्हणाली.

मास्तरांचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले. अर्ध्यात थांबले. त्यांनी ते खाली घेतले आणि समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले.