नानांची बाजू विचारायची राहिली

नाना गेले.

कशाने गेले, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. नानांनी चौथ्यांदा विचारलं असतं, आणि मग कंपाउंडरला बाजूला घेऊन पाचव्यांदा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वसंतनाना म्हणजे आमच्या जुन्नर-आंबेगावचे राजकीय बातमीदार. नव्वदच्या दशकात मंचरला स्टँडजवळ, टायरच्या दुकानावर त्यांची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर मी. अवसरीहून सायकलवर यायचो, बातमी लिहायला शिकायला.

संध्याकाळी बातम्यांचं पाकीट पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. नाना पाकीट चिकटवून जोडावर सही करायचे, म्हणजे कुणी उघडलं तर कळावं.

"नाना, ड्रायव्हर चांगला माणूस आहे."

"चांगला हाय म्हणून तर पाकीट देतो. सही बाकीच्यांसाठी."

असा माणूस. पुढाऱ्याने हसून नमस्कार केला की नाना वहीत तारीख टिपून ठेवायचे. पुढे काहीतरी निघणार, याची खात्री. बऱ्याचदा निघायचंही.

मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ज्याच्यावर आरोप हाय त्याच्या ओट्यावर आधी बसायचं. चहा दिला तर प्यायचा. तक्रार करणारा काय, बोलणारच हाय."

मी मान डोलावली होती. सगळे डोलावतात.

पुढे दोन हजारनंतर सरकारने नानांनाच नेमलं. सरकारी खात्यांविरुद्ध लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, चौकशी करायची, निकाल द्यायचा. गाडी, शिपाई, दारावर पाटी. ज्यांच्यावर इतकी वर्षं लिहिलं, त्यांच्याच हातून खुर्ची.

आख्खा तालुका म्हणाला, नाना मॅनेज झाले.

मी तोंडावरच विचारलं, "तुम्हालाच का दिली?"

"मलापण त्योच डाऊट हाय," नाना म्हणाले. "बसून बघतो. कळंल."

त्यांची बातमीदारी मला मिळाली. टायरच्या दुकानावरची त्यांची खुर्चीसुद्धा.

त्याच उन्हाळ्यात आमच्या उसाला कालव्याचं पाणी मिळालं नाही. पाळी आमची होती, पण पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याने, रामभाऊने, कालव्यातून आमच्या शेताकडे येणाऱ्या चारीचं दार उघडलंच नाही. वडिलांनी नानांकडे तक्रार केली. ती खरी ठरली असती तर रामभाऊची नोकरी गेली असती. मला ती जायला हवी होती, हेही सांगून टाकतो.

नाना चौकशीला गावात आले.

आमच्या घरावरून गाडी सरळ पुढे गेली आणि रामभाऊच्या दारात थांबली.

मी लांबून बघत होतो. नाना ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. कशावर तरी दोघं हसले.

तासाभराने आमच्याकडे आले. वडिलांना घेऊन बांधावर गेले. मी मागोमाग निघालो तर म्हणाले, "तू थांब हितंच. तू घरचा हायेस."

पंधरा दिवसांनी निकाल आला. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' बस, एवढंच.

माझं डोकं फिरलं. रात्र पडायच्या आत बातमी लिहिली. हेडिंग: 'चौकशी की पाहुणचार?' चहा लिहिला. हसणं लिहिलं. तासभर बसले ते लिहिलं. अर्जदार माझे वडील आहेत, हे मात्र लिहिलं नाही.

छापून आली त्या सकाळी नानांचा फोन.

"बातमी वाचली. माझी बाजू विचारायला फोन का नाय केलास? घरीच व्हतो मी."

मला वाटलं, दम देतायत. मी फोन ठेवून दिला.

काही वर्षांनी रामभाऊ रिटायर झाला. त्याच्या निरोपाला वडील नारळ आणि टोपी घेऊन निघाले.

मला लगेच वास आला. "ज्याच्यावर तक्रार केली, त्याला टोपी?"

वडील उंबऱ्यातच थांबले. "त्याची काय चूक नव्हती रं. पाळीच्या आदल्या दिशी म्याच चारी फोडून पानी घेतलं व्हतं. मंग त्यानं बंद केलं. नानांना बांधावर सगळं सांगितलं म्या."

"मग निकालात का नाही आलं?"

"म्या म्हनलं, पोरगा पेपरात हाय, त्याची लाज जाईल. त्यांनी वही मिटली."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं? लिवून मोकळा झालास."

म्हणजे त्या खुर्चीवर बसून नानांनी एक गोष्ट झाकली. माझ्यासाठी. आणि मी, नाना विकले गेले, असं छापलं.

खरंच माझ्यासाठी झाकली का? की रामभाऊच म्हणाला असेल, जाऊ द्या नाना? अजून माहीत नाही. संशय घ्यायला त्यांनीच शिकवलं, तो त्यांच्यावरही सुटत नाही.

त्यानंतर दुसरी बाजू न विचारता मी एकही बातमी दिली नाही. फक्त नानांना विचारलं नाही. दोनदा त्यांच्या घरी गेलो, कांद्याच्या भावावर बोललो आणि उठलो. लग्नात भेटले की विचारायचे, "काय पावणं, नवीन काय?" एवढंच. मी मनात म्हणायचो, टोमणा असणार.

नसेलही.

आज घाटावर रामभाऊ आला होता, काठी टेकत. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. मला मान वर करता आली नाही.

ही पोस्ट लिहून झाली आणि सवयीने वाटलं, समोरच्याला विचारून घेऊ. फोनमध्ये नानांचा नंबर काढलासुद्धा. मग आठवलं, दुपारी मीच खांदा दिलाय.

त्यामुळे ही बातमी एकतर्फी आहे. तशीच वाचा.

नाना, चुकलो. तुम्ही घरी होतात तेव्हाच फोन करायला हवा होता.

तुमच्या दुसऱ्या खुर्चीवरच्या पोराचा शेवटचा नमस्कार.