अर्धा कोयता

आमच्या महाविद्यालयात ‘एआय’ला आळा घालायला समिती नेमली आणि मराठी शिकवतो म्हणून मला तिचं अध्यक्ष केलं. संगणकाशी माझा संबंध हजेरी भरण्यापुरता. पण नेमणुकीचं पत्र इतकं शुद्ध होतं, की ते आमच्या कार्यालयातल्या कुणाच्या हातचं नाही हे मी पहिल्याच ओळीत ओळखलं. म्हणजे पात्रता होती म्हणायची.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी ‘माझ्या घरचं काम’ हा प्रकल्प दिला होता. गठ्ठा तपासायला घेतला तर सगळ्यांच्या घरी ‘श्रमसंस्कृतीचा समृद्ध वारसा’ नांदत होता. तेलगावच्या उसात तोच, धर्मापुरीच्या किराणा दुकानातही तोच. ‘हाय’ आणि ‘न्हाई’ तर औषधालाही सापडेनात. वीस वर्षं मी या दोन शब्दांभोवती लाल गोल काढत आलोय. माझी शिकवण अखेर फळाला आली, पण ती यंत्राच्या डोक्यात.

मग एका मुलीचा प्रकल्प हाती आला. घरचे दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्यात वाक्य होतं : ‘आमच्या कुटुंबात एक कोयता व एक तुटलेला कोयता आहे.’ मी खूश झालो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, मुकादम टोळी तशीच मोजतो, हे बीडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्राला ते कुठून कळणार? चोर मुद्देमालासह सापडला होता. मी लाल शाईनं ‘नक्कल’ असं लिहिलं, शून्य दिलं आणि तिला विभागात बोलावून घेतलं.

ती आली, शून्य बघितलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “सर, मीच लिव्हलंय. मशीनला फकस्त शुद्ध करून दे म्हणलं.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत मी विचारलं, “कावून?” ‘का’साठीचा हा शब्द मी वर्गात चालू देत नाही.

“पयल्या वर्षाला तुमी माझे मार्क कापलते. ‘हाय’ लिव्हलं म्हणून.”

तिनं पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, खाडाखोडीसकट. ‘आमच्या घरात दीड कोयता हाय. आईबाप मिळून एक. अर्धा कोयता म्हंजी मी.’

जोडीदार नसलेल्या मजुराला अर्धा कोयता धरतात, हेही मला ठाऊक होतं. यंत्रानं अर्ध्याचा तुटलेला केला होता आणि मी, बीडचा मराठीचा प्राध्यापक, तुटलेल्यात अर्धा ओळखू शकलो नव्हतो. तिसऱ्या बाकावर बसणारी ही मुलगी सुट्ट्या लागल्या की फडात मोळ्या बांधते, हेही मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. समितीचा अध्यक्ष मात्र मीच होतो.

“मार्क कमी द्या, पर नापास करू नका,” ती म्हणाली. “नापास झाले तर दिवाळीच्या आत लगीन लावतेल. पुरा कोयता करतेल माझा.”

हे तिनं बस चुकेल म्हणावं तितक्या सरळ सांगितलं. मला लाज वाटली. प्रकल्पावरचं शून्य मी खोडलं आणि वहीतलंच आहे तसं लिहून आण म्हणालो.

ती जागची हलेना.

“‘हाय’ चालंल?”

“चालेल.”

“अन् तपासायला बाहेरचे सर आले तर?”

“मी सांगेन त्यांना.”

“वहीवर लिव्हून देता का, सर?”

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दावर कुणी सही मागितली नव्हती. राग यायला हवा होता, पण तिचं बरोबर होतं. मी पेन उचललं, ‘हाय चालेल’ असं लिहिलं, खाली सही केली आणि वही तिच्या हातात दिली.

तिनं ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच हसली. वही तिनं माझ्याकडे फिरवली. शाई लाल होती आणि ‘हाय’भोवती मी गोल काढला होता.