भरतीचा मजकूर

माझा नवरा दिवसभर घरातच असतो, पण सापडत नाही. सकाळी आठला आतल्या खोलीत जाऊन बसतो, दार उघडं ठेवतो, खुर्चीत दिसतोही. तरी पहिल्या हाकेला तिथे कोणी नसतं. दुसऱ्या हाकेला डोळे हलतात. तिसऱ्या हाकेला तो म्हणतो, "काय म्हणालीस?" आणि तोवर चहावर साय धरलेली असते. माझे सासरे त्याला तंद्रीमहाराज म्हणतात. "तुझे तंद्रीमहाराज जमिनीवर आहेत का गं?" असं मला विचारतात. स्वतः जाऊन बघत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

तो लोकांच्या वेबसाइट तयार करतो आणि आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रात तंत्रज्ञानावर लिहितो. कंपनी नाही, साहेब नाही, हजेरी नाही. शेजारच्या काकूंना अजून वाटतं की त्याची नोकरी गेली आहे आणि आम्ही ते लपवतो आहोत.

माझी शाळा सकाळची. साडेबाराला मी घरी येते, त्यामुळे त्याचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे, जर त्याला काम म्हणायचं असेल तर. पडद्यातून पिवळट उजेड येत असतो, पंखा हळू फिरत असतो आणि हा जवळजवळ रिकाम्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघत असतो. अर्ध्या तासाने एक ओळ केसभर वर सरकवतो. पुन्हा बघतो. मग ती होती तिथे आणून ठेवतो. फरशांच्या दुकानाची वेबसाइट करताना तो आठवडाभर एक निळा रंग शोधत होता. मी म्हटलं, "घे की कुठलाही. निळा तो निळा." तर म्हणाला, "पहाटे खिडकीची काच जशी दिसते ना, तसला हवाय." दुकानदाराने शेवटी लाल घेतला. नवरा दोन दिवस कमी जेवला.

लेख लिहिताना मात्र तो माणसांत येतो. पासवर्ड लक्षात कसा ठेवायचा, फोनमधले फोटो नेमके कुठे जाऊन बसतात, असल्या गोष्टी तो इतक्या सोप्या करून लिहितो की वाचणाऱ्याला आपणच हुशार आहोत असं वाटावं. मी एकदा विचारलं, "हे लिहिताना तू कोणाशी बोलत असतोस रे?" तो म्हणाला, "बाबांशी."

बाबा ते लेख वाचत नव्हते. मोतीबिंदूमुळे अक्षरं पुसट झाल्यापासून वर्तमानपत्र मीच त्यांना वाचून दाखवायचे. बुधवारी मुलाचा लेख आला की ते शांतपणे म्हणायचे, "पुढचं पान."

बाबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, पेटीतल्या खणातून उचलायचं, ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं. चाळीस वर्षं हेच केलं. छापखाना घराच्या समोरच होता. सासूबाई सांगायच्या, खिडकीतून जेवायची हाक मारली की समोरून एकच उत्तर यायचं, "ओळ पुरी करून येतो." ओळ अर्धी सोडून उठायचं नाही, असा जुळाऱ्यांचा नियम होता, सैल ओळीतले खिळे सांडतात. एकदा आग लागल्याची आवई उठली तरी हे ओळ पुरी करूनच बाहेर आले, असंही त्या सांगायच्या. त्यातलं खरं किती ते त्यांनाच ठाऊक.

मी ते उत्तर कधी ऐकलं नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच छापखान्यात संगणक आले आणि खिळे वितळवायला गेले. बाबांनी एक पेटी तेवढी घरी आणली. त्याच वर्षी मुलाने आतल्या खोलीत स्वतःचा संगणक मांडला. "घरातच शत्रू पोसला," असं बाबा हसत हसत म्हणाले होते म्हणे, आणि सगळे हसले होते. पण त्यानंतर त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. भांडण नाही, अबोला नाही. दोघं शेजारी बसून जेवतात, मीठ मागतात, मीठ देतात. एवढंच.

आता भरतीच्या मजकुराविषयी सांगायला हवं. वेबसाइट आधी रिकाम्या चौकटींची करतात. मालकाकडून खरा मजकूर येईपर्यंत त्या चौकटींत काहीतरी निरर्थक भरून ठेवायचं, म्हणजे अक्षरं कशी बसतील ते कळतं. बाकीचे लोक यासाठी तयार मिळणारी अगम्य भाषा वापरतात. माझ्या नवऱ्याला ते जमत नाही. अर्थ नसलेली ओळ त्याच्या डोळ्यांना टोचते. मग घरात समोर जे चाललं असेल तेच तो लिहून टाकतो. एका दातांच्या डॉक्टरांच्या पानावर मी वाचलं होतं, 'बायको आज कपाट आवरते आहे. तिला एक जुनं पत्र सापडलं आहे आणि ती ते उभ्या उभ्या वाचते आहे. मी विचारणार नाही.' ते वाचून चिडावं की काय करावं, हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. खरा मजकूर आला की तो हे सगळं पुसतो. निदान तोपर्यंत पुसत होता.

यंदा बाबांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "तीन महिन्यांत ऑपरेशन करा. त्याहून पिकू दिलात, तर नजर पुरती परत येईल याची खात्री मी देणार नाही." बाबा म्हणाले, "बघण्यासारखं होतं ते बघून झालं." सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे यावर कोणाला काही बोलता येईना.

मी बोलले. रोज बोलले. वर्गातली साठ पोरं मी एका नजरेत गप्प करते, पण या एका म्हाताऱ्यापुढे माझी डाळ शिजली नाही. नवरा मात्र एका शब्दाने बोलला नाही. वडील आंधळे व्हायला निघालेत आणि हा बटणांचे कोपरे गोल करत बसलाय, याचा मला इतका संताप यायचा, की त्याचा चहा मी मुद्दाम त्याच्या पाठीमागे ठेवायला लागले. त्याला कळलंही नाही. तीन महिन्यांतले अडीच गेले.

मधल्या काळात त्या डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट याच्याकडेच आली होती. पहिल्या भेटीतच बाईंनी विचारलं होतं, मुलगा काय करतो, आणि काम देऊन टाकलं होतं. सगळी पानं झाली. 'ऑपरेशनपूर्वी' या पानाचा मजकूर तेवढा बाई आज देते, उद्या देते करत राहिल्या. मग एका सकाळी अचानक त्यांचा फोन आला, की वेबसाइट आजच सुरू करा. नवरा तेव्हा लेखात बुडालेला होता. "हो," म्हणाला, कळ दाबली आणि परत लेखात बुडाला. बारा दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे आमच्यापैकी कोणाच्या.

तेराव्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले होते. नवऱ्याचा कामाचा मोबाइल बाहेर टेबलावर चार्जिंगला असतो. तो वाजत राहिला असणार, म्हणून त्यांनी चाचपत उचलला असणार. फोन त्यांच्या कानाला होता.

"पुन्हा एकदा वाचा," ते म्हणाले. "सावकाश."

मी चपला काढता काढता थांबले. बाबा मान खाली घालून ऐकत होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या टोकावरून फिरत होता. मग त्यांनी फोन माझ्या दिशेने पुढे केला. "घे. मी ऐकतोय ते खरंच आहे का बघ."

दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी होती. "मॅडम, सरांना सांगा ना, लोक रोज फोन करतात. त्या आजोबांचं ऑपरेशन झालं का म्हणून विचारतात. काल एक आजी तपासायला आल्या, तर म्हणाल्या, आधी त्यांचं सांग, मग माझ्या डोळ्यांत थेंब घाल. मी काय सांगू?"

"कोणते आजोबा?"

तिने वेबसाइटवरचं 'ऑपरेशनपूर्वी' हे पान तिसऱ्यांदा वाचलं.

'दुपारी दोन वाजता आमच्या घरात एक माणूस अंधाराचा सराव करतो. डोळे मिटून पेटीतला एकेक खिळा उचलतो, बोटाने चाचपतो, अक्षर ओळखतो आणि ज्याच्या त्याच्या खणात परत ठेवतो. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे शब्द जुळवले. आता डोळे चालले, म्हणून त्याने बोटांवर भागवायचं ठरवलं आहे. चुकला की स्वतःशीच हसतो. काल त्याचं एकही अक्षर चुकलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. ऑपरेशनचं मी त्याला विचारत नाही, कारण'

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे नाहीच आहे ना. तिथेच तुटलंय."

दुपारी मी आडवी झालेली असते. पेटीचा आवाज यायचा. मला वाटायचं, म्हातारा खिळे पुसत बसलाय, बरं आहे, वेळ जातो. मी तिथेच दाराजवळ जमिनीवर बसले. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त लाज वाटली. बाबांना ओळखलं नाही याची, आणि त्या दुसऱ्यालाही.

बाबा उठले. भिंतीला हात लावत आतल्या खोलीपर्यंत गेले, उंबऱ्याशी क्षणभर थांबले आणि आत शिरले. त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. तो पहिल्या हाकेला वळला. वीस वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच पाहत होते.

"कारण काय?" बाबांनी विचारलं.

"कशाचं?"

"ऑपरेशनचं मी त्याला विचारत नाही, कारण. पुढे काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाबा, ते पुसायचं राहून गेलं. आत्ता काढतो."

"काढायचं नाही. पुढे काय ते सांग."

"सुचलं नाही. तेवढ्यात हिने चहाला हाक मारली."

"आणि तू उठलास."

"हो."

"ओळ अर्धी टाकून?"

मग बाबा वळले, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं त्या बाजूला, आणि म्हणाले, "त्या मुलीला विचार, बाईंना वेळ कधी आहे. इतकी माणसं खोळंबून ठेवणं बरं नाही."

फोन चालूच होता. तिने सगळं ऐकलं होतं. "गुरुवारी या," ती म्हणाली.

गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाताना बाबांनी गाडीत मुलाचा हात धरला होता तो दवाखान्याच्या आतल्या दारापर्यंत सोडला नाही. शुक्रवारी पट्टी निघाली. बाईंनी विचारलं, "दिसतंय का?" बाबांनी खोलीभर पाहून घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुझे केस पांढरे झाले की गं," म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्यामुळेच."

घरी आल्यावर ते थेट आतल्या खोलीत गेले. मी स्वयंपाकाला लागले, पण माझे कान तिकडेच होते. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"दाखव."

मग बाबांचा आवाज, हळूहळू एकेक शब्द वाचणारा. ते वाचून संपलं तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील.

"ही तिसरी ओळ वर घे जरा," बाबा म्हणाले. "केसभर."

"आता?"

"आता बरोबर. मघापासून डोळ्यांना टोचत होती."

नवरा हसला असावा. त्याच्या खुर्चीचा आवाज झाला.

"हं, आता पुढे लिही," बाबा म्हणाले. "कारण दोघंही भित्रे आहेत."

कळांचा आवाज आला नाही. मी पोळी तव्यावरच विसरले. मग एक कळ वाजली, मग दुसरी, अगदी सावकाश, जणू तो एकेक अक्षर खणातून उचलून ठेवत होता.

मी डोळे पुसले, ताटं वाढली आणि हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतून बाबांचा आवाज आला.

"ओळ पुरी करून येतो आम्ही."

मी ताटांवर झाकणं ठेवली.