फ्राउकेच्या घराचा धूर

एका पोराने फ्राउकेचं घर चाटलं, आणि तेव्हापासून गेर्लिंडला अन्न गोड लागेना.

घर म्हणजे राहायचं घर नव्हे हो. आमच्या डोंगरात नाताळसाठी लाकडाची वीतभर घरं करतात, दिसायला अगदी जिंजरब्रेडची. मध, दालचिनी, लवंग घालून भाजलेला तो तपकिरी केक असतो ना, त्याच्या पाट्या उभ्या करून बांधल्यासारखी. छपरावर साखरेच्या पाकाची पांढरी नक्षी, दाराला बदामाच्या आकाराची कडी. आत पत्र्याच्या बशीत धुपाचा छोटा कोन पेटवून ठेवला की धुराड्यातून धूर निघतो. डोंगरातली चांदी संपली, खाणी बंद पडल्या, आणि मग अर्धं गाव लाकडावर जगायला लागलं. ओएमे आडनावाच्या घरात लोथार लाकूड कापायचा, त्याची बायको गेर्लिंड रंगवायची, आणि सासू आल्मा चुलीशी बसून सगळ्यांच्या चुका काढायची. बाईचं ते काम मरेपर्यंत कुणी काढून घेऊ शकलं नसतं.

गेर्लिंडचा हात म्हणजे हात होता. खडूची पूड आणि सरस कालवून ती घरांवर पांढरे ठिपके द्यायची, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. अक्रोडाची सालं उकळून काढलेला तिचा तपकिरी रंग तर साऱ्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. तिलाही ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे ती कुणापासून लपवतही नव्हती.

मग धाकट्या दिराने, हाइकोने, समुद्राकाठची बायको करून आणली. फ्राउके. उंच, हसरी, पायात पुरुषी बूट. तिच्या माहेरी लाकूड माहीत होतं ते होडीचं. आल्या आल्या ती गेर्लिंडच्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"ताई, मला ते ठिपके शिकवाल?"

"ते शिकवून येत नाही," गेर्लिंड मान वर न करता म्हणाली. "ते रक्तात असावं लागतं."

दुसरी असती तर फणकारली असती, निदान नवऱ्यापाशी रडली असती. ही बया "बरं" म्हणाली आणि आपल्या परीने करत बसली. तिचे ठिपके वाकडे आले. एक मोठा, एक लहान, एक तर ओघळून खिडकीवर आलेला. गेर्लिंडने ते पाहिले आणि त्या दिवशी चार घास जास्त जेवली.

पण पोरगी गप्प बसणारी नव्हती. एक दिवस तिने चुलीवर लोखंडी तव्यात वाळू तापवली आणि घराच्या भिंती एकेक करून त्या वाळूत कडेने खुपसल्या. लाकडाच्या कडा करपल्या, मधला भाग बदामी राहिला. भट्टीत जरा जास्त राहिलेला केक दिसतो तस्सा. तपकिरी रंगाचा एक थेंब लागला नाही. बोटं मात्र भाजून घेतली, आणि वर हसत होती.

"होडीच्या फळ्या वाकवायला आमच्याकडे वाळू तापवतात," ती म्हणाली. "म्हटलं, बघू तर खरं."

नाताळाआधीच्या पहिल्या रविवारी चौकात बाजार भरला. एका टेबलावर दोघींची घरं शेजारीशेजारी. चार-पाच वर्षांचं एक पोर आईचा हात सोडून आलं, गेर्लिंडच्या घरांपुढून सरळ पुढे गेलं, फ्राउकेचं एक घर दोन्ही हातांनी उचललं आणि छप्पर चाटलं. आई ओशाळली. फ्राउके पोट धरून हसली.

"अरे राजा, लाकूड आहे ते! जिभेत कुसळ जाईल!"

"रंग पोटात गेला म्हणजे?" गेर्लिंडने ओठ आवळत विचारलं.

"रंग कुठाय ताई? ठिपक्यांचा खडू सोडला तर मी रंग लावतच नाही."

चाटलेलं घर आईने विकत घेतलं, वर आणखी दोन घेतली. ते पाहायला माणसं जमली, आणि जो येईल तो फ्राउकेचं घर नाकाशी नेऊन हुंगायचा. गेर्लिंडची घरंही खपली, का नाही खपणार? "किती सुबक!" म्हणाले लोक. पण कुणी हुंगलं नाही, आणि चाटायचं तर नावच नको. इतकी वर्षं मान मोडून ठिपके दिले आणि एका पोराच्या जिभेला आपल्या घराचा मोह पडू नये? तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. दळभद्री पोर, असं तिने मनात म्हटलंसुद्धा. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

खरा घाव पुढे बसला. ओएमेंच्या घरात एक रीत होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मधोमध एक घर ठेवून धूर लावायचा. ज्या बाईचं घर लावलं जाईल, पुढल्या वर्षी तिने खिडकीखालच्या बाकावर बसायचं, आणि घरं कशी करायची ते तिने ठरवायचं. आल्माचा हात थरथरायला लागल्यापासून ते घर गेर्लिंडचंच असायचं. विचारायचीसुद्धा पद्धत राहिली नव्हती.

यंदा आल्मा चहा पिता पिता म्हणाली, "यंदा फ्राउकेचं लावू."

गेर्लिंडने हातातली बशी आदळली. "का? माझ्या घराला काय धाड भरली?"

"काही नाही भरली. तुझं घर सुंदरच असतं गं. लोक सुंदर म्हणतात आणि पुढे जातात. हिचं पाहिलं की भूक लागते."

"ते ओघळलेले ठिपके पाहून?"

"हो. माझी आई खरा केक करायची ना, तिचा पाक अस्साच ओघळायचा."

लोथारकडे पाहावं तर तो पावाला लोणी लावण्यात गर्क. नवरे अशा वेळी नेमके लोणी लावत असतात. गेर्लिंड उठली, गोठ्यामागच्या लाकडाच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली आणि मनसोक्त रडली. मग नाक पुसून आत आली आणि खिडकीखालच्या बाकावरची आपली उशी उचलून पुन्हा तिथेच ठेवली. अजून तिचीच होती ती जागा, काही दिवस का होईना.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे चर्चला गेले. बदक भाजायला टाकलं होतं, त्यावर लक्ष ठेवायला गेर्लिंड मागे राहिली. टेबल मांडून झालं होतं. पांढऱ्या चादरीखाली गवताच्या काड्या, प्रत्येक ताटलीखाली एक नाणं, आणि मधोमध फ्राउकेचं घर. करपलेल्या कडांचं, वाकड्या पाकाचं, खिडकीवर एक ओघळ आलेलं.

तिने ते उचललं. मोडायचं तिच्या मनात नव्हतं, तेवढी ती वाईट नव्हती. तिने फक्त उलटं करून पाहिलं. बशीखाली हवेसाठी छिद्रं ठेवतात, खालून हवा आत शिरते तेव्हाच धूर धुराड्यातून सरळ वर चढतो. छिद्रं बुजली तर धूर वाट चुकतो, दाराच्या फटीतून, छपराच्या सांध्यातून कुठूनही पाझरतो आणि घर मलूल दिसतं. आणि ज्या घराचा धूर त्या संध्याकाळी वर चढत नाही, त्या घराला वर्ष वाईट जातं, असं आमच्याकडे म्हणतात. आल्मा तर शपथेवर म्हणते.

गेर्लिंडच्या एप्रनच्या खिशात मेणाचा खडा होता. तिच्या भावाने मधमाश्या पाळल्या होत्या, त्याच्याकडचं मेण. टेबलाचे खण सुळसुळीत सरकावेत म्हणून ती ते कायम खिशात बाळगायची. तिने एक तुकडा मोडला, बोटांत मऊ केला आणि छिद्रांवर अंगठ्याने दाबला. दाबताना तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. मग घर जागेवर ठेवलं आणि बदकावर रस सोडायला गेली.

चर्चच्या घंटा वाजल्या, सगळे परतले, बर्फाचे बूट दाराशी काढले. नऊ पदार्थ टेबलावर मांडले गेले. सुटे पैसे हाताशी राहावेत म्हणून मसूर, मोठे पैसे यावेत म्हणून बटाट्याचे गोळे, बदक, सॉसेज, आंबवलेली कोबी, दुधात कुस्करलेला पाव, आणि असं बरंच. सगळं आधीच मांडून घ्यावं लागतं, कारण एकदा बसलं की नऊच्या नऊ संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. कुणी उठलंच तर वर्षभर कोंबड्या शेजाऱ्याकडे जाऊन अंडी घालतात.

हाइकोने कोन पेटवून आत ठेवला. सगळे धुराड्याकडे बघत राहिले.

धूर येईना. दाराच्या फटीतून एक बारीक करडी रेघ निघाली आणि चादरीवर लोळायला लागली. धुराडं कोरडंच.

"येईल, येईल," हाइको म्हणाला. "ओला असेल कोन."

फ्राउकेने वाकून दाराच्या फटीत पाहिलं. हसरी पोरगी ती, पण चेहरा उतरला होता. "मी तीनदा लावून पाहिलं होतं," ती शेवटी हळूच म्हणाली. "छान येत होता."

गेर्लिंड मसूर खात होती. तिला वाटलं होतं की आता गार वाटेल. पण फ्राउकेच्या डोळ्यांत पाणी तरारलं तसा तिने चमचा खाली ठेवला. आल्मा धुराडं सोडून घराच्या बुडाकडे बघत होती, हेही तिला बरं वाटेना.

सॉसेज संपलं, कोबी संपली. कोन जळत जळत खाली आला, पत्र्याची बशी तापली. आणि एकाएकी धुराड्यातून धूर उठला. सरळ, दाट, छताकडे. त्याच्याबरोबर एक वास आला. मधाचा. तापलेल्या मधाचा, भट्टीतून केक काढावा आणि सगळ्या घराला कळावं असा.

"अगं आई गं!" लोथारने काटा खाली ठेवला. "हे तर खरंखुरं जिंजरब्रेड झालं!"

"फ्राउके, मध घातलास आत?" हाइकोने विचारलं.

"छे! मी काही नाही घातलं. शपथ."

आल्माने थरथरत्या हाताने घर जरा बाजूला सरकवलं. खाली पांढऱ्या चादरीवर पिवळा थेंब पडला होता. तिने तो नखाने उचलला, नाकाशी नेला.

"हे मेण तुझ्या भावाकडचं, गेर्लिंड."

सगळ्यांच्या माना वळल्या. गोठ्यामागे, ढिगाशी, कुठेही, पण इथून जायचं, एवढंच गेर्लिंडला सुचलं. तिने खुर्ची मागे सारली.

"बस," आल्मा म्हणाली. "कोंबड्या शेजारी घालवायच्यात का?"

ती बसली. आल्मा तिच्याकडे बघत होती. जन्मभर घरांना छिद्रं पाडलेली बाई ती, मेण कुठून गळलं आणि तिथे कशाला लागलं होतं हे तिला सांगायची गरज नव्हती.

फ्राउके मात्र समुद्राकाठची, तिच्या डोक्यात छिद्रं आलीच नाहीत. "ताई," ती खुर्चीतच पुढे सरकली, "तुम्ही लावलंत? माझ्या घराला वास यावा म्हणून?"

"बघा!" लोथार खूश होऊन ओरडला. "मी म्हणत नव्हतो? बोलते फटकळ, पण हिच्या पोटात काही नसतं!"

"सांग ना, गेर्लिंड," आल्मा अगदी सावकाश म्हणाली. "वासासाठीच ना?"

गेर्लिंडने ताटलीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

फ्राउकेला उठून गळ्यात पडायचं होतं, पण उठता येत नव्हतं. म्हणून तिने टेबलावरून, बदकाच्या वरून, हात लांब केला आणि गेर्लिंडचा हात घट्ट धरला. "आणि मला वाटायचं, मी तुम्हाला डोळ्यांसमोर नको असते. मी मेली वेडी!" तिची बोटं वाळूने भाजलेली होती, दोन फोड तर अजून ओले होते. गेर्लिंडने इतक्या दिवसांत ती जवळून पाहिली नव्हती.

"मग ठरलं," आल्मा म्हणाली. "पुढल्या वर्षीपासून फ्राउकेच्या प्रत्येक घराला मेण लावायचं, हवेची वाट मोकळी ठेवून. आणि ते गेर्लिंडच लावेल. तिचा अंगठा बसलाय त्यावर."

"आणि ताई, आता तरी ते ठिपके शिकवाल ना?" फ्राउकेने विचारलं.

गेर्लिंडने त्या घराकडे पाहिलं. खिडकीवर आलेला तो ओघळ धुरात चकाकत होता, नुकताच सांडल्यासारखा. अजूनही तिला हेवा वाटत होता, जरासुद्धा कमी झाला नव्हता. फक्त आता त्याच्या शेजारी लाज येऊन बसली होती.

"नको शिकूस," ती म्हणाली. "तुझे वाकडेच चांगले दिसतात."

हे मात्र खरं होतं, आणि त्या संध्याकाळी ती जे बोलली त्यात तेवढंच खरं होतं. फ्राउकेला ते थट्टेचं वाटलं, ती ओल्या डोळ्यांनी हसली. अजून बटाट्याचे गोळे व्हायचे होते, बदक व्हायचं होतं, दूधपाव व्हायचा होता. फ्राउके हात सोडत नव्हती, आणि उठून जायची सोय नव्हती.